कॉमिक्स काढून घ्यावीत का?

दहावीच्या उंबरठ्यावर असलेल्या मुलांचे पालक एक तक्रार हमखास घेऊन येतात. मुलगा घरात कोणाशी बोलत नाही, क्रमिक पुस्तक उघडत नाही आणि मोकळा वेळ मिळाला की कॉमिक्स घेऊन बसतो. मग ती काढून घ्यावीत का? या प्रश्नाचे उत्तर म्हणून एका कुटुंबाचा अनुभव सांगतो. ओळख पटू नये यासाठी त्यातील तपशील बदलले आहेत.

वडील सनदी लेखापाल होते आणि त्यांची फर्म आजोबांनी सुरू केलेली होती. नववीतला मुलगा मंगा म्हणजे जपानी कॉमिक्स वाचत असे, त्यातही १९९७ पासून सुरू असलेली आणि शंभराहून अधिक खंडांची झालेली ‘वन पीस’. वडिलांच्या लेखी ती सगळी ‘चित्रांची पुस्तके’ होती. त्या वयात तुम्ही काय वाचत होता, असे मी विचारले तेव्हा त्यांनी काहीशा संकोचाने ‘इंद्रजाल कॉमिक्स’चे नाव घेतले. १९६४ साली सुरू झालेली ही मालिका १९९० मध्ये बंद पडली. वेताळ (मूळ इंग्रजीतला मुखवटाधारी नायक ‘फँटम’), मँड्रेक आणि बहादूर यांचे अंक त्यांनी रद्दीच्या दुकानांतून जमवले होते आणि त्यांतले काही अजूनही माळ्यावर होते. मुलाला याची कल्पनाच नव्हती.

मी अदलाबदल सुचवली. दोघांनी एकमेकांचे एकेक पुस्तक वाचावे, ते शक्यतो शेजारी बसून वाचावे आणि त्या वेळात अभ्यासाचा विषय वडिलांनी काढू नये, ‘यातून काय शिकलास’ असेही विचारू नये, एवढ्याच अटी होत्या. वडिलांनी मंगा नेहमीच्या पद्धतीने डावीकडून उघडली. मंगा उजवीकडून डावीकडे वाचतात आणि भाषांतरित आवृत्त्यांतही बहुधा तोच क्रम राखलेला असतो, त्यामुळे कोणत्या चौकटीनंतर कोणती चौकट पाहायची हे मुलाला समजावून सांगावे लागले. घरात ज्याला दिवसभर सूचनाच ऐकाव्या लागतात, त्याला वडिलांना काही शिकवण्याची संधी मिळाली, हे माझ्या मते त्या पुस्तकातील कथेपेक्षा महत्त्वाचे होते. शेजारी बसण्याचाही उपयोग होतो. समोरासमोर बसवून विचारलेला साधा प्रश्नसुद्धा या वयात उलटतपासणीसारखा वाटतो, तर दोघांचीही नजर पानावर असली की उत्तर देण्याची सक्ती जाणवत नाही.

खरे बोलणे मात्र वेताळामुळे सुरू झाले. वेताळाचा मुखवटा आणि त्याची शपथ पित्याकडून पुत्राकडे येते आणि कथेतला वेताळ या परंपरेतला एकविसावा असतो. ते वाचून मुलाने विचारले, “बाबा, यातल्या एखाद्या मुलाला वेताळ व्हायचंच नसेल तर?” वडिलांना प्रश्नाचा रोख कळला, आणि त्यांनी फर्मचा उल्लेख न करता “मग त्यानं काय करावं, असं तुला वाटतं?” एवढेच विचारले, याचे श्रेय त्यांनाच द्यायला हवे. आपल्याला लेखापाल व्हायचे नाही, हे मुलगा त्या रात्री प्रथमच बोलला.

शाखेचा वाद त्यामुळे मिटला नाही. वडिलांना अजूनही वाणिज्य शाखाच योग्य वाटते. मुलाला चित्रकलेकडे जायचे आहे आणि त्याचे गणिताचे गुणही फारसे वाढलेले नाहीत. परंतु आता हा वाद दोघांमध्ये थेट होतो, आईला निरोप्या व्हावे लागत नाही.

ज्या पालकांना कॉमिक्सची मुळीच आवड नाही, त्यांनी तिचे सोंग आणू नये. मुले ते चटकन ओळखतात. अशा वेळी ‘मला यातलं कळत नाही, तुला काय आवडतं ते सांग’ असे प्रामाणिकपणे म्हणणे पुरते. काही मंगा केवळ प्रौढांसाठी असतात, म्हणून वयोगटाची सूचना पाहणे हे पालकांचे कामच आहे. मुलाची झोप किंवा जेवण बिघडले असेल, त्याने मित्रांनाही टाळायला सुरुवात केली असेल किंवा तो शाळेत जाण्यास नकार देत असेल, तर त्याचे खापर कॉमिक्सवर फोडत न बसता त्याला समुपदेशकाकडे किंवा मानसोपचारतज्ज्ञाकडे घेऊन जावे.