पी-३००च्या आलेखातून काय कळतं, काय कळत नाही

या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी ईआरपी या चाचणीबद्दल आहेत. ईआरपी म्हणजे ‘इव्हेंट रिलेटेड पोटेन्शियल’. एखादा आवाज ऐकला, एखादं अक्षर दिसलं की मेंदूत ठरावीक वेळानं विद्युत प्रतिसाद उमटतो आणि डोक्यावर इलेक्ट्रोड लावून तो टिपता येतो.

प्रश्न: बाबा ७२ वर्षांचे आहेत. अलीकडे नावं विसरतात. एका सेंटरमध्ये पी-३०० टेस्ट केली, तर रिपोर्टवर ‘लेटन्सी ३८८ मिलिसेकंद, डिलेड’ असं आलं. हा अल्झायमर आहे का? आई फार घाबरली आहे. (कोथरूड)

आईंना आधी एवढं सांगा, की या एका आकड्यावरून अल्झायमरचं निदान होत नाही आणि कुणी करूही नये.

टेस्टमध्ये बाबांना हेडफोनमधून एकसारखे आवाज ऐकवले असतील आणि मधूनच एखादा चढ्या पट्टीतला आवाज आला असेल. तेवढेच मोजायला सांगितलं असेल. असा वेगळा आवाज ओळखला, की साधारण ३०० मिलिसेकंदांनी एक धन लहर उमटते, हाच पी-३००. १९६५ साली सॅम्युएल सटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती दाखवून दिली. तिला लागलेला वेळ म्हणजे लेटन्सी, तिची उंची म्हणजे अँप्लिट्यूड.

आता हिशेब करू. तरुणपणी ३००च्या आसपास असणारी लेटन्सी पुढे दर वर्षी साधारण १ ते २ मिलिसेकंदांनी वाढत जाते. पंचविशीपासून बाबांच्या वयापर्यंत ४७ वर्षं होतात, म्हणजे साधारण ५० ते ९० मिलिसेकंद नुसत्या वयाचेच. मग ३८८ हा आकडा ‘डिलेड’ ठरला तो कुणाच्या तुलनेत? त्याच पद्धतीनं तपासलेल्या सत्तरीतल्या निरोगी माणसांचे आकडे लॅबकडे आहेत का, हे विचारा. नसतील, तर रिपोर्टवरच्या त्या शब्दाला फारसं वजन देऊ नका.

बाबांना नीट ऐकू येतं का? दोन आवाजांतला फरकच कळत नसेल, तर लहर उशिरा येणारच. आदल्या रात्री झोप झाली होती का? झोपेची किंवा सर्दीची गोळी घेतली होती का? काय मोजायचं ते मराठीत, सावकाश समजावलं होतं का? थायरॉइड मंदावलेलं असेल, बी-१२ कमी असेल किंवा नैराश्य असेल, तरी या लहरीत फरक दिसू शकतो आणि या तिन्हींवर उपचार आहेत. म्हणून बाबांना न्यूरॉलॉजिस्टकडे न्या, रक्ततपासण्या करा, स्मरणशक्तीची चाचणी मराठीतून करून घ्या. जाताना घरातलं निरीक्षण लिहून न्या. विसरलेलं नाव तासाभरानं आठवतं का? मंडईतून परतताना नेहमीचा रस्ता चुकतो का? पेन्शनचा हिशेब पूर्वीसारखा जमतो का? निदानाला या उत्तरांचा उपयोग आलेखापेक्षा जास्त होतो.

प्रश्न: मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. ईईजीची (मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाची) चढउतार ५० मायक्रोव्होल्टची आणि पी-३०० दहाएक मायक्रोव्होल्टचा. मग तो दिसतो कसा? (शिवाजीनगर)

एका वेळी सहसा दिसत नाहीच. विसर्जन मिरवणुकीत लक्ष्मी रस्त्यावर ढोल वाजत असताना एका माणसाची टाळी ऐकायची, तसं ते आहे. पण टाळी ठरलेल्या क्षणी पडते हे माहीत असेल, तर प्रत्येक वेळचं रेकॉर्डिंग त्या क्षणाशी जुळवून सरासरी काढता येते. बाकीचा गोंगाट कधी वर, कधी खाली असल्यानं सरासरीत विरतो. तो चाचण्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे ३६ वेळा घेतलं की एक षष्ठांश उरतो.

यात एक मेख आहे. प्रतिसाद दर वेळी त्याच क्षणी येतो असं आपण गृहीत धरतो. लक्ष विचलित झालं आणि तो कधी ३२०, कधी ४२० मिलिसेकंदांना आला, तर सरासरीत लहर बसकी दिसते. मूळ प्रतिसाद मात्र तेवढाच जोरदार असू शकतो. प्रोजेक्ट करणार असाल, तर सरासरीसोबत एकेक चाचणीही पाहा.

आणि फक्त पी-३००वर थांबू नका. ‘बाबांनी चहात छत्री घातली’ हे वाक्य एकेक शब्द पडद्यावर दाखवा. ‘छत्री’ आल्यावर सुमारे ४०० मिलिसेकंदांनी ऋण लहर उमटेल, ‘साखर’ असती तर ती बरीच लहान राहिली असती. हा एन-४००. मार्टा कुटास आणि स्टीव्हन हिलयार्ड यांनी तो १९८० साली मांडला. मराठी वाक्यांवर असं काम करण्यासारखं खूप आहे, जरूर करा.

प्रश्न: मुलगा ९ वर्षांचा, वर्गात एका जागी बसत नाही. ‘ब्रेन मॅपिंग आणि ईआरपी’चं पॅकेज घ्यावं का? (वाकड)

निदानासाठी नको. एडीएचडी (अतिचंचलता आणि लक्ष न टिकणं) असलेल्या मुलांच्या गटात पी-३०० सरासरीनं लहान आढळतो हे खरं. पण गटागटांत इतकी सरमिसळ असते, की एकट्या मुलाबद्दल त्यावरून ठरवता येत नाही. हे निदान बालमानसोपचारतज्ज्ञ पालकांशी आणि शिक्षकांशी सविस्तर बोलून करतात. पैसे आणि वेळ तिकडे द्या.

प्रश्न: मेंदूच्या लहरींवरून गुन्हेगार ओळखता येतो म्हणे. पुण्यात तशी शिक्षाही झाली होती ना? (सदाशिव पेठ)

झाली होती. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात इतर पुराव्यांसोबत बीईओएस या मेंदूलहरींच्या चाचणीचाही आधार घेतला. जगभर त्यावर चर्चा झाली आणि अनेक शास्त्रज्ञांनी कडाडून आक्षेप घेतला. तो मला पूर्णपणे पटतो. ओळखीची वस्तू दिसल्यावर पी-३०० मोठा होऊ शकतो. पण ती ओळख गुन्हा केल्यामुळे आहे, बातमी वाचल्यामुळे आहे की पोलिसांच्या चौकशीत तीच वस्तू दहादा दाखवल्यामुळे, हे लहर सांगत नाही. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूलहरींची चाचणी संमतीशिवाय करता येणार नाही, असा निकाल दिला. संमतीनं केली, तरी तिचा निष्कर्ष थेट पुरावा म्हणून चालत नाही. कुणाच्या आयुष्याचा निर्णय अशा आलेखावर लागू नये, असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न: आईची ईआरपी टेस्ट पुढच्या आठवड्यात आहे. काय तयारी करावी? (हडपसर)

आदल्या दिवशी केस शाम्पूनं धुवा आणि नंतर तेल अजिबात लावू नका. तेलकट त्वचेवर पेस्ट नीट बसत नाही, सिग्नलमध्ये खरखर येते आणि टेक्निशियनला टाळू पुन्हा पुन्हा घासावी लागते. आईला पुरेसं झोपू द्या, उपाशी नेऊ नका. नेहमीच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करू नका. चष्मा आणि श्रवणयंत्र सोबत घ्या. टेस्ट चालू असताना दात आवळायचे नाहीत आणि नजर एका जागी ठेवायची, कारण एका पापणीच्या हालचालीनं १०० मायक्रोव्होल्टच्या वर उसळी येते. वेदना होत नाहीत, करंटही देत नाहीत, हे आईला निघण्याआधीच सांगून ठेवा.