दत्तक गेलेले पणजोबा वंशावळीत कुठल्या घरात दाखवायचे?

तुमचे प्रश्न दोन आहेत. पणजोबा दत्तक गेले आणि आडनाव बदललं, तर त्यांना कुठल्या घरात दाखवायचं? आणि आजीचं लग्न सख्ख्या आतेभावाशी झालं, त्यामुळे तीच माणसं दोनदा येतात, त्याचं काय करायचं?

पणजोबा दोन्ही घरांत दाखवा. माणूस एकच, आईवडिलांच्या जोड्या दोन, आणि प्रत्येक जोडीशी नातं कसलं (जन्माचं की दत्तकाचं) ते स्पष्ट लिहिलेलं. एकच रेघ ठेवायचा हट्ट धरला की काय होतं ते कोल्हापूरच्या गादीवर बघा. राजर्षी शाहू हे जन्माने कागलचे यशवंतराव घाटगे, जन्म १८७४. १८८४ मध्ये कोल्हापूरच्या राणी आनंदीबाईंनी त्यांना दत्तक घेतलं. आनंदीबाईंचे पती चौथे शिवाजी त्याआधीच, १८८३ मध्ये, वारले होते. त्यांचा जन्म १८६३ चा, म्हणजे कागदोपत्री वडील मुलापेक्षा अवघ्या अकरा वर्षांनी मोठे! हे चौथे शिवाजीही दत्तकच, आणि त्यांच्याआधीचे राजारामही. नुसती रक्ताची रेघ ओढली तर गादीचा क्रम लागत नाही, नुसती दत्तकाची ओढली तर घाटगे घराणंच गायब होतं.

आपल्याकडे विधवेने नवऱ्याच्या पश्चात दत्तक घेणं सर्रास चालायचं. त्यामुळे वंशावळीचं सॉफ्टवेअर ‘वडिलांचं वय चुकलंय’ किंवा ‘वडील आधीच वारलेत’ अशी ओरड करील. करू द्या. त्याला खूश ठेवायला तारखा बदलू नका, दत्तकविधानाची तारीख वेगळी घटना म्हणून टाका.

मी ग्रॅम्प्स हे वंशावळीचं सॉफ्टवेअर वापरतो, ते फुकट आहे. त्यात मुलाचं आईशी आणि वडिलांशी नातं वेगवेगळं नोंदवता येतं, त्यामुळे दोन लग्नं आणि सावत्र मुलं असली तरी अडत नाही. जेडकॉम या देवाणघेवाणीच्या फाइलीतही दत्तकाची सोय आहे. मात्र एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात नेल्यावर ती खूण टिकली का ते उघडून पाहा, बऱ्याचदा गळते.

जन्मघर ठेवण्याला आणखी एक कारण आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने दत्तक मूल जन्मघरापासून तुटतं, पण जन्मघरात ज्यांच्याशी लग्न चाललं नसतं त्यांच्याशी ते दत्तक गेल्यावरही चालत नाही. ती नाती पाहायची तर ते घर कागदावर हवंच.

पुरावा? दत्तकपत्र मिळालं तर उत्तम. शेतजमीन असेल तर वारसाचे जुने फेरफार काढा, त्यात ‘दत्तक पुत्र’ असा उल्लेख सापडू शकतो. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला तुमच्या घराण्याचे तीर्थोपाध्याय (यात्रेला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी वह्यांत ठेवणारे पुरोहित) असतील तर त्यांच्या वह्याही बघा, आणि दोन्ही आडनावांनी विचारा.

आता आतेभाऊ. तुमच्या आजोबांची आई ही आजीच्या वडिलांची बहीण, म्हणजे त्या दोघांचे आईवडील एकच जोडपं. तुमच्या वर चौथ्या पिढीत जागा सोळा, माणसं चौदाच. त्या जोडप्याची नोंद एकदाच करा आणि दोन्ही मुलांना तिथेच जोडा. पूर्वजांच्या तक्त्यात ते दोनदा छापले जातील, ते बरोबरच आहे. नोंदी दोन झाल्या तर मात्र पुढे एकीत तारीख सुधाराल, दुसरीत जुनीच राहील.

‘काका’, ‘आत्या’, ‘मामी’ अशी नाती मूळ नोंदीत लिहूच नका. ती कुणाच्या बाजूने बघता यावर बदलतात. आईवडील, मुलं आणि लग्नं नीट भरली की बाकीचं प्रोग्रॅम काढतो.

बायकांची नोंद माहेरच्या नावाने करा, सासरचं नाव पर्यायी नाव म्हणून द्या. जुन्या वंशावळी बहुतेक फक्त पुरुषांच्या असतात, त्यामुळे तुमच्या आजीची ही आत्या कुणाच्या तरी तोंडूनच कळणार. घरात ऐंशीच्या पुढचं कुणी असेल तर प्रोग्रॅम उतरवण्याआधी त्यांच्याकडे जाऊन बसा, आणि कुणी सांगितलं व कधी, ते नोंदीखाली लिहून ठेवा.