मोतीला कोणाच्या भरवशावर सोडू?

प्रश्न : डॉक्टर ताई, आम्ही काटोल तालुक्यात वावरातच घर बांधून राहतो. लेकीचं बाळंतपण मे महिन्यात पुण्यालाच करायचं ठरलंय, त्यामुळे आम्हा दोघांना महिनाभर तरी तिकडे राहावं लागेल. घरी सहा वर्षांचा मोती आहे, गावठीच. अनोळखी माणसाच्या हातचं तो खात नाही. नागपूरला कुत्री ठेवून घेतात, पण तिथे त्याचं कसं होईल? सालदार प्रामाणिक आहे, पण 'भाकर टाकली की झालं' म्हणतो. गावात भरवशाचा माणूस ओळखायचा कसा?

उत्तर : ताई, मोतीला नागपूरला नेऊ नका. घर आणि माणसं एकाच दिवशी सुटली तर असा कुत्रा अन्नाला तोंड लावत नाही. त्याचं अंगण त्याला राहू द्या, माणूस तिथे येऊ द्या.

माणूस शोधताना कुत्र्यांची आवड असलेला शोधू नका. ज्याच्या कोठ्यातली जनावरं नीट आहेत, त्याच्याकडे बघा. सरकारी दवाखान्यात नोकरी करताना मी माणसं अशीच ओळखत आले. बैलाच्या खांद्याची सूज कोण लगेच दाखवायला आणतो आणि कोण पू झाल्यावर? टाक्यातलं पाणी स्वच्छ आहे की शेवाळलेलं? दाव्याने मान सोलली आहे का? आणि माणूस कोठ्यात शिरला की गाय त्याच्याकडे तोंड करते की मागे सरते? पुष्कळ घरांत हे सगळं बाईच पाहत असते. तसं असेल तर तिच्याशीच बोला, घरधन्याशी ठरवून येऊ नका.

त्यातही मी सगळ्यात मोठा गुण मानते तो वाईट बातमी लगेच सांगण्याचा. कुत्रा पळाला, ओकला, कोणाला चावला, हे बोलणी बसतील म्हणून लपवलं जातं आणि उपचाराची वेळ निघून जाते. म्हणून आधीच सांगा, "काहीही झालं तरी मी रागावणार नाही, पण फोन त्याच वेळी कर."

पैसे ठरवून द्या, रोजाप्रमाणे, आणि थोडे आगाऊ. शेजारधर्मावर सोपवलेलं काम मे महिन्यातल्या लग्नसराईत मागे पडतं. काम घेणाऱ्या बाईला वरातीला जावं लागलं तर त्या दिवशी कोण येणार, हेही विचारून ठेवा. सालदाराला मात्र बाजूला काढू नका. त्याने मनातलं तोंडावर सांगितलं, म्हणजे तो फसवणारा नाही. खाणंपिणं तिच्याकडे, रात्रीची राखण त्याच्याकडे द्या.

आतापासूनच मोतीची भाकर तिच्या हातून जाऊ द्या. आधी तुम्ही जवळ थांबा, मग घरात जा. शेवटी एक रात्र काटोलला नातेवाइकांकडे मुक्काम करा. त्या रात्री तो जेवला तर निर्धास्त निघा. नाही जेवला तर आणखी आठवडाभर हेच करा.

मला खरी काळजी आपल्याकडच्या मे महिन्याची वाटते. पारा 45 च्या वर जातो आणि कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, धापा टाकूनच तो अंग थंड करतो. टिनाच्या शेडखाली त्याला मुळीच बांधू नये. लिंबाखाली, सावली सरकेल तशी जागा बदलावी आणि पाण्याचं भांडं मातीचं, जड असावं. धाप थांबेना, लाळ चिकट झाली, पाय लटपटले, तर पोटावर आणि पायांवर साधं पाणी ओतत राहावं, बर्फ लावू नये, आणि लगेच डॉक्टर गाठावा. जंगल जवळ असेल तर रात्री त्याला घरात घ्यावं. अंगणात बांधलेला कुत्रा बिबट्याला आयता सापडतो. फवारणीची औषधं आणि उंदराचं विष तुम्ही स्वतः कुलपात ठेवून जा.

रेबीजची वार्षिक लस बाकी असेल तर ती आताच द्या. तरीही तिला दात किंवा नख लागलंच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं, हे तिला नीट समजावून सांगा.

दवाखान्याचे पैसे रोजापेक्षा वेगळे, तिच्याच हाती द्या. तालुक्याच्या डॉक्टरांचा आणि गाडीवाल्याचा नंबर दाराच्या आत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. मोठं दुखणं निघालं तर नागपूरला सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात न्यायचं, आणि त्यासाठी तुमच्या होकाराची वाट पाहायची नाही, हे तिला आजच सांगून टाका.