गोवेकर जोडप्याने लग्नाआधी केलेला हिस्स्यांचा करार लग्नानंतर टिकतो का?

आपण दोघे मूळचे गोव्याचे, नोकरी पुण्यात, आणि तिथे मिळून घेतलेल्या फ्लॅटचे 60 आणि 40 टक्के हिस्से 500 रुपयांच्या मुद्रांकावर लिहून नोटरी करून घेतले आहेत. लग्नानंतर हा करार टिकेल का, असे आपण विचारले आहे. मी डिचोलीला वकिली करतो. आपला अधिवास, म्हणजे कायद्याच्या दृष्टीने कायमचे घर, अजून गोव्याचेच असेल, तर या कागदावर विसंबून राहू नका, असे मी कळकळीने सांगेन.

महाराष्ट्रातल्या जोडप्याला ही चिंता नसते. तिथे लग्नामुळे मालकी बदलत नाही. गोव्यात मात्र 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे आणि तिच्यानुसार, विवाहपूर्व करार केलेला नसेल, तर लग्नाआधीची व नंतरची मालमत्ता, काही अपवाद वगळता, दोघांची सामाईक होऊन प्रत्येकाचा वाटा अर्धा ठरतो. म्हणूनच आमच्याकडच्या खरेदीखतात विकणाऱ्याच्या नावाखाली ‘आणि त्याची पत्नी’ असे लिहिलेले असते आणि तिची सही घेतल्याशिवाय व्यवहार पुढे सरकत नाही.

फ्लॅट पुण्यात आहे म्हणून तो यातून सुटतो, असेही समजू नये. गोव्यात अधिवास असलेल्या व्यक्तीची गोव्याबाहेरची मालमत्ताही याच संहितेखाली येते, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये मुंबईतील एका मालमत्तेच्या वारसाहक्काच्या खटल्यात स्पष्ट केले आहे.

यावर उपाय आहे, पण तो लग्नापूर्वीच करावा लागतो. मालमत्ता पूर्ण वेगळी ठेवायची की लग्नानंतरची कमाई तेवढी सामाईक धरायची, हे दोघांनी ठरवून तसा विवाहपूर्व करार सार्वजनिक दस्त म्हणून दुय्यम निबंधकांसमोर करावा; साधी नोटरी इथे पुरत नाही. लग्न झाल्यावर हा करार नव्याने करता येत नाही आणि केलेला बदलताही येत नाही. गोव्यात लग्नाची नोंदणी दोन सह्यांनी होते: पहिली इरादा जाहीर करण्याची, दुसरी लग्न पक्के करण्याची. ही दुसरी सही होऊन आठ महिने उलटल्यावर एक जोडपे असाच नोटरीचा कागद प्लास्टिकच्या फाइलमध्ये जपून घेऊन माझ्याकडे आले होते. दोघांमध्ये कसलाही वाद नव्हता, तिच्या वडिलांनी दिलेले पैसे तिच्या नावे राहावेत एवढीच दोघांची इच्छा होती, आणि तरीही मला त्यांना नाही म्हणावे लागले.

आपली पहिली सही झाली असली, तरी दुसरीपर्यंत वेळ आहे. फ्लॅटचा नोंदणीकृत करारनामा, इंडेक्स टू (त्या नोंदणीचा सारांश-उतारा) आणि कोणी किती पैसे भरले याचे बँकेचे उतारे घेऊन याच आठवड्यात गोव्यातील वकिलाला भेटा.