सोलापुरात राहून चांगल्या ॲनिमेशन शॉर्टफिल्म आणि चित्रप्रदर्शनं बघायला मिळतात का? कुठून सुरुवात करू?

मिळतात की, का नाही मिळणार. फिल्म तर घरी बसूनच बघायच्यात, प्रदर्शनासाठी मात्र पाय हलवायला लागतात. आधीच सांगतो, मी काही आर्ट स्कूलवाला नाही, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीची डिझाइनं काढतो, त्यामुळं माझी आवड जरा त्याच अंगानं जाते, हातानं केलेलं दिसलं की मी थांबतो.

तुम्ही विचारलंय सुरुवात कुठून, तर मी म्हणेन ईशू पटेलांची बीड गेम, 1977ची. माणूस गुजरातचा, अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइनच्या संस्थेतला, नंतर कॅनडाच्या नॅशनल फिल्म बोर्डात गेला. पाच-सहा मिनिटांची फिल्म, सगळी मण्यांची. काळ्या पार्श्वभूमीवर रंगीत मणी सरकतायत, त्यांचा एक जीव होतो, त्याला दुसरा खातो, दुसऱ्याला तिसरा, असं करत करत माणसाच्या लढाईपर्यंत येतं, एक शब्द बोलणं नाही, मागं तबला. ऑस्करच्या नॉमिनेशनमध्ये होती. कॅनडाच्या त्या फिल्म बोर्डानं अशा शेकडो फिल्म वेबसाइटवर फुकट ठेवल्यात, तिथंच नॉर्मन मॅकलॅरनची नेबर्स (1952) पण शोधा, दोन शेजारी एका फुलासाठी भांडतात एवढीच गोष्ट पण खरी माणसं बाहुल्यांसारखी फ्रेम-फ्रेमनं हलवलीत, हसता हसता शेवटी गप्प बसवते.

आता मला हे एवढं का आवडतं ते सांगतो. आमच्याकडं जुन्या जकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर, चादरीवर मोर काढायचा म्हणजे आधी ग्राफ पेपरवर एकेक चौकोन रंगवायचा, त्यावरनं पुठ्ठ्याच्या कार्डांना भोकं पाडायची, एक कार्ड म्हणजे बाण्याची, आडव्या धाग्याची, एक ओळ, मग सगळी कार्डं दोऱ्यानं ओवून माळ करून मागावर चढवायची. एक कार्ड चुकीचं लागलं की मोराच्या मानेत आडवी रेघ, आणि ती प्रत्येक चादरीत. (माझ्याकडनं झालंय एकदा, त्या लॉटच्या चादरी आमच्या घरात अजून अंथरायला आहेत.) ॲनिमेशन पण तेच हो. सेकंदाला 24 फ्रेम, एक चित्र दोन-दोन फ्रेम ठेवलं तरी सेकंदाला 12 चित्रं लागणारच.

म्हणून अलेक्झांडर पेत्रोव्हची द ओल्ड मॅन अँड द सी बघितली तेव्हा मी रात्री दीड वाजेपर्यंत पॉज करत बसलो होतो. हा रशियन माणूस काचेवर ऑइल पेंटनं, बऱ्याचदा बोटानंच, चित्र काढतो, फोटो घेतो, आणि तेच ओलं चित्र जरासं सरकवून पुढची फ्रेम करतो. म्हणजे मागचं कार्ड पुसलं तरच पुढचं तयार! वीस मिनिटांची फिल्म, 29 हजारांच्या वर फ्रेम, आणि शेवटी हातात उरतं एकच काय ते चित्र. ऑस्कर मिळालं 2000 साली. समुद्राच्या पाण्यात नीट बघा, काही ठिकाणी बोटाची ओढ दिसते.

आपल्याकडचं म्हणाल तर गीतांजली रावची प्रिंटेड रेनबो (2006), पंधरा मिनिटं. मुंबईच्या फ्लॅटमध्ये एकटी म्हातारी, एक मांजर आणि काडेपेट्यांच्या छापांचा संग्रह. फ्लॅटमधलं जगणं करडं आणि काडेपेटीत शिरली की रंगच रंग. कान्स फिल्म फेस्टिवलच्या क्रिटिक्स वीकमध्ये बक्षिसं मिळाली तिला. काडेपेटीवरनं आठवलं, फाळक्यांनी 1915च्या सुमाराला आगकाड्या एकेक सरकवून फिल्म केली होती, आगकाड्यांची मौज. आणि ते दूरदर्शनवरचं एक अनेक और एकता (1974) तर तुम्ही बघितलंच असणार, मोठं झाल्यावर परत बघा, रेषा किती कमी वापरल्यात ते कळतं.

पिक्सारचं मी इथं काहीच सांगत नाही, ते तुम्हाला यूट्यूब आपणहून दाखवतंय.

प्रदर्शनांचं. सोलापुरात कला महाविद्यालयांची वार्षिक प्रदर्शनं असतात ती सोडू नका, पोरं लाजत उभी असतात, विचारलं की भडाभडा बोलतात. पण खरं बघायचं तर रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस पकडा, सकाळी सीएसएमटी, चहा-नाष्टा करून फोर्टातनं चालत काळा घोडा. तिथलं जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडतं, फुकट आहे, साधारण आठवड्याला प्रदर्शन बदलतं आणि बऱ्याचदा चित्रकार स्वतः तिथंच खुर्ची टाकून बसलेला असतो, त्याला विचारायला लाजू नका. समोर एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेची सरकारी गॅलरी, बाजूला जुनं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. फक्त सोमवारी जाऊ नका, मी सुट्टी जुळवून सोमवारीच गेलो होतो आणि एका गॅलरीच्या बंद गेटवर वॉचमनशी गप्पा मारून परत आलो. जानेवारी-फेब्रुवारीतला काळा घोडा फेस्टिवल मजा म्हणून ठीक, पण चित्र बघायला नाही, चित्रापुढं सेल्फीवाले असतात.

आणि मुंबईपेक्षा जवळ, लोक विसरतात ते, औंध. सातारा जिल्ह्यातलं, संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्र काढायचे, त्यांनी 1938 साली यमाईच्या डोंगरावर म्युझियम केलं. राजा रविवर्म्याची मूळ चित्रं, चित्रकार धुरंधरांची चित्रं, आणि चक्क इंग्लंडच्या शिल्पकार हेन्री मूरचं आई-मुलाचं छोटं शिल्प, खटाव तालुक्यात! गाडी असेल तर पंढरपूर, म्हसवड, दहिवडी, वडूज असं जा. पंढरपूर लागतंच वाटेत, चित्रकार एम. एफ. हुसेनचं जन्मगाव, त्यानं 1967 साली केलेली थ्रू द आइज ऑफ अ पेंटर निघायच्या आदल्या रात्री बघून घ्या, ॲनिमेशन नाही ती, पण बर्लिन फिल्म फेस्टिवलला गोल्डन बेअर बक्षीस मिळालेली शॉर्टफिल्म आहे, बोलणं जवळपास नाहीच. आणि दुपारचं ऊन टाळा, डोंगर चढायचाय.