मॉरिशसला यायचं म्हणताय? घर बघताना आधी गच्चीवर चढा

एबेनमधल्या, म्हणजे इथल्या ऑफिसांच्या उपनगरातल्या, कंपनीची ऑफर हातात आहे, बायको आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर येणार आहेत, आणि तुम्ही पुण्याहून विचारताय, "तिथे पाणी-विजेवरून लोक सरकारवर भडकलेत असं वाचलं, ते कितपत खरं? आम्हाला तर सगळे मिनी इंडिया, मिनी इंडिया म्हणून सांगतात." पगार, टॅक्स, परमिट याबद्दल तुम्हाला दहा जण सांगतील, आणि परमिटचे नियम दर बजेटला बदलतात, ते येण्याआधी अधिकृत संकेतस्थळावर बघा. मी २०१६ पासून इथे आहे, हिशेबाच्या कामात. मी नळाचं सांगतो.

खरं आहे. भडकलेत. आणि तो राग समुद्रकिनाऱ्याच्या फोटोंत दिसत नाही.

मी मूळचा चिपळूणचा. आमच्याकडे पावसाळ्यात नदी बाजारात येते आणि मे महिन्यात वाडीवर टँकर येतो, त्यामुळे "पाऊस भरपूर आणि पाणी नाही" या प्रकाराचा मला धक्का बसायला नको होता. तरी बसला. या बेटावर वर्षाला सरासरी २००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. मधल्या पठारावर त्याच्या दुप्पट, आणि पश्चिम किनाऱ्यावर कसाबसा ८०० ते ९००. सगळं बेट गाडीने दीड तासात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पार होतं. मेर ओ वाक्वा हा सगळ्यात मोठा तलाव एकोणिसाव्या शतकातला, इंग्रजांनी बांधलेला. पुढे मिडलंड्सचं धरण झालं, मग बागातेलचं, ज्याचा खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीवर गेला. म्हणजे साठवायला जागा नाही असं नाही. पण सेंट्रल वॉटर ऑथॉरिटी, म्हणजे इथलं सरकारी पाणीखातं, जेवढं पाणी शुद्ध करून सोडते, त्यातलं निम्म्याहून जास्त बिलापर्यंत पोचतच नाही. जमिनीखाली जुने, कुजलेले पाइप आहेत, त्यांतून ते झिरपून जातं. चाळणीत पाणी ओतायचं आणि घागर भरत नाही म्हणून पावसाला दोष द्यायचा, असा हा कारभार.

कोरडे महिने साधारण सप्टेंबर ते डिसेंबर. आपल्याकडे पाऊस सरून विहिरी भरलेल्या असतात, तेव्हा इथे तलावांची टक्केवारी रोज बातम्यांत सांगतात. पाऊस लांबला की पाइपने गाडी धुणं, बागेला पाणी घालणं यावर बंदी येते आणि भागवार वेळापत्रक लागतं. पहाटे चार ते सात, कुठे संध्याकाळचे दोन तास. उंचावर घर असेल तर वेळापत्रकातल्या तासांतही नळ नुसता फुसफुसतो. क्रिओलमध्ये, म्हणजे इथल्या रोजच्या बोलीत, पहिले दोन शब्द मी शिकलो ते "बोंझूर" वगैरे नव्हेत. "पेना दिलो." पाणी नाही.

माझं पहिलं घर कात्र बोर्नला, दुसऱ्या मजल्यावर. दाखवायला आलेला एजंट म्हणाला, पाणी चोवीस तास. जुलैत घर घेतलं, तेव्हा खरंच चोवीस तास होतं. ऑक्टोबरात कळलं की गच्चीवरची टाकी चार बिऱ्हाडांत एक आहे आणि तिच्या खालचा पंप मालकाने कधीच काढून नेलाय. बायको पहाटे साडेचारचा गजर लावून उठायची, बादल्या, पातेली, अगदी कुकरसुद्धा भरून ठेवायची. "परदेशात येऊन हेच करायचं होतं तर माझं माहेर काय वाईट होतं?" असं ती एकदा म्हणाली आणि मला उत्तर सुचलं नाही. तिचं माहेर लातूर. अकरा महिन्यांनी ते घर सोडलं, अर्धी अनामत मालकाच्या घशात घालून. आता वाक्व्याला राहतो. इथे पाणी बरं आहे, पण कपाटात चामड्याचे बूट ठेवले तर पंधरा दिवसांत त्यांना हिरवी दाढी येते, इतकी दमट हवा. बेटावर काहीतरी एक सोसावंच लागतं, फक्त काय सोसायचं ते आपण निवडायचं.

आता नेत्यांचं. इथल्या माणसाचा राग कळायला दोन आडनावं पुरतात: रामगुलाम आणि जगन्नाथ. १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हापासून पंतप्रधानपद या दोन घरांत फिरतंय. मधली २००३ ते २००५ ची पॉल बेरांजे यांची कारकीर्द तेवढी वगळायची. बाप, मुलगा, पुन्हा बाप, पुन्हा मुलगा. २०१४ च्या निवडणुकीत जगन्नाथांच्या आघाडीने जाहीरनाम्यात आठवड्याचे सातही दिवस, चोवीस तास पाणी देऊ म्हणून सांगितलं आणि सत्ता घेतली. दहा वर्षं गेली. मधल्या काळात सेंट लुई वीजकेंद्राच्या कंत्राटात लाचखोरी झाल्याचं आफ्रिकन डेव्हलपमेंट बँकेच्या चौकशीतून पुढे आलं, आणि जून २०२० मध्ये उपपंतप्रधानांना मंत्रिमंडळातून जावं लागलं. आरोप त्यांनी नाकारले. पण वीज आणि पाणी ही दोन्ही खाती त्यांच्याकडेच होती, हे लोक विसरले नाहीत.

त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस वाकाशिओ नावाचं जहाज आग्नेय किनाऱ्यावरच्या प्रवाळावर चढलं. बारा दिवस ते तिथे उभं होतं आणि सरकार "परिस्थिती नियंत्रणात आहे" म्हणत होतं. ऑगस्टच्या ६ तारखेला तेल गळायला लागलं, सुमारे हजार टन. मग लोकच उतरले. उसाचं पाचट गोण्यांत भरून, शिवून त्यांनी तरंगते बांध तयार केले. केशकर्तनालयांतून केस गोळा झाले, कारण केस तेल धरून ठेवतात. आमच्या ऑफिसातले गुळगुळीत शर्टातले ऑडिटर शनिवार-रविवारी माहेबूरला जाऊन पाचट भरत होते. मीही गेलो. दोन दिवस हाताचा वास गेला नाही. २९ ऑगस्टला पोर्ट लुईत काळे कपडे घालून हजारो माणसं रस्त्यावर उतरली. लोकसंख्या साडेबारा लाखांची, आणि राजधानीच्या रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. हे लोक शांत आहेत, सोशीक नाहीत. आपल्याकडची मंडळी इथे यात गल्लत करतात.

विजेचं पाण्याइतकं वाईट नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. रोजचं भारनियमन नाही. मुलीचा ऑनलाइन क्लास विजेमुळे बुडेल अशी वेळ क्वचित. पण बेट म्हणजे शेजारच्या राज्यातून उसनी वीज घेता येत नाही, जी लागते ती इथेच तयार करायची. त्यातली बरीचशी कोळसा आणि जड तेल जाळून, हंगामात उसाच्या चिपाडावर थोडी. २०३० पर्यंत ६० टक्के वीज अक्षय स्रोतांतून आणू, असं उद्दिष्ट जगन्नाथ सरकारने ठेवलं होतं. ते उद्दिष्टच आहे. उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, संध्याकाळी सगळे एसी एकदम लागले की यंत्रणेला धाप लागते.

चक्रीवादळाचं मात्र नीट समजून घ्या, कारण पुण्यात त्याची सवय नसते. इशाऱ्याचे चार वर्ग असतात. तिसरा वर्ग लागला की घराबाहेर पडायचं नाही, बस बंद, दुकानं बंद. २०२४ च्या जानेवारीत बेलाल आलं तेव्हा लोक सकाळी कामावर पोचले आणि मग इशारा वाढला. सगळे एकाच वेळी घरी निघाले, आणि पोर्ट लुईच्या रस्त्यांवर पुराचं पाणी. गाड्या कागदी होड्यांसारख्या एकमेकींवर आदळत होत्या. हवामान खात्याच्या प्रमुखांनी पद सोडलं. पण इथल्या लोकांच्या डोळ्यांसमोर २०१३ चा ३० मार्च होता. त्या दिवशी याच शहरात अकरा माणसं पुरात गेली होती, काही भुयारी मार्गात अडकून. अकरा वर्षांत गटारं आणि नाले यांवर पैसा ओतला म्हणतात, मग पाणी पुन्हा तिथेच कसं तुंबलं, हा प्रश्न मला टॅक्सीवाल्यानेही विचारला आणि दंतवैद्यानेही.

नोव्हेंबर २०२४ ला लोकांनी हिशेब चुकता केला. निवडणुकीच्या तोंडावर टॅप केलेल्या फोनांची संभाषणं बाहेर फुटायला लागली. सरकारने सोशल मीडियाच बंद करायचा आदेश काढला आणि ओरड होताच दुसऱ्या दिवशी मागे घेतला. निकाल साठ-शून्य. मुख्य बेटावरच्या साठच्या साठ जागा नवीनचंद्र रामगुलाम यांच्या आघाडीला. तुम्हाला वाटेल, केवढी क्रांती! शेजारच्या आजींना मी तसं म्हणालो, तर त्या हसल्या. त्यांचे पणजोबा रत्नागिरीकडून आलेले, घरात बोलणं क्रिओलमध्ये, पण गणपतीत झाकरीची गाणी तोंडपाठ. कोकणातली जाखडी, तीच ही. त्या म्हणाल्या, साठ-शून्य १९८२ ला झालं, १९९५ ला झालं, हे तिसरं. "झोत तू पारेय." सगळे सारखेच. आणि नैवेद्याच्या मोदकांसाठी पिंपात भरून ठेवलेलं पाणी तांब्याने काढायला लागल्या. पुढच्या जूनच्या बजेटमध्ये नव्या सरकारने वृद्धापकाळाच्या पेन्शनचं वय साठावरून टप्प्याटप्प्याने पासष्टवर नेलं, तेव्हा कामगार संघटनांच्या मोर्चाला त्यांचा नातू गेला होता. मत त्याने याच सरकारला दिलं होतं.

एक गोष्ट तुम्हाला इथे आल्यावर चकित करेल. भारत राष्ट्रकुलात असल्यामुळे इथे दोन वर्षं राहिलेल्या भारतीयाला मतदार म्हणून नाव नोंदवता येतं. घटनेतच तशी तरतूद आहे. परदेशी कामगारांच्या मतांवरून निवडणुकीत वादही होतो, आणि मला तो वाद अगदीच खोटा वाटत नाही. चार वर्षांच्या करारावर आलेल्या माणसाने, ज्याला नळ नाही आवडला तर विमान आहे, इथल्या माणसाचं सरकार ठरवायचं का? मी नाव नोंदवलेलं नाही. बायकोने नोंदवलं. तिचं म्हणणं, पहाटे साडेचारला उठून बादल्या मी भरल्या, तर मत का देऊ नये? आमच्या घरात हा विषय मिटलेला नाही.

आणि कृपा करून "आमच्याकडे तर याहून वाईट आहे" हे वाक्य विमानतळावरच टाकून या. मी पहिल्या वर्षी ते डबा खाताना म्हणालो होतो. टेबलावरचे तिघे गप्प झाले. त्यांची तुलना आपल्याशी नसते. शाळा फुकट, विद्यार्थ्यांना आणि म्हाताऱ्यांना बस फुकट, मेट्रो धावते, आफ्रिकेत त्यांचा देश पुढे म्हणून जगाने कौतुक केलेलं, आणि तरी आईला टँकरची वाट बघावी लागते. हे त्यांचं दुखणं आहे. तुम्ही लातूर-मराठवाड्याचं उदाहरण दिलंत की त्यांना वाटतं, हा मंत्र्यासारखाच बोलतोय.

मग यावं का? माझ्या मते या. मुलीला सरकारी प्राथमिक शाळेत घातलंत तर तिथे मराठी हा विषय घेता येतो. पुण्यातल्या काही शाळांपेक्षा ते जास्त आहे. हवा स्वच्छ, गाडी डाव्या बाजूनेच चालवायची, गणेश चतुर्थीला राष्ट्रीय सुट्टी. पण कंपनीने दिलेल्या घराचा फोटो बघून सही करू नका. पहिला महिना तात्पुरतं राहा आणि घर स्वतः हिंडून शोधा. एबेनच्या जवळ म्हणून कात्र बोर्न, रोझ हिल, मोका बघाल, चालेल. फ्लिक आं फ्लाकचा किनारा बघून बायको भाळेल, पण तो कोरडा पट्टा आहे, हे तिला आधी सांगा. भाडं विचारण्याआधी गच्चीवर चढा. टाकी आपली एकट्याची आहे का, निदान हजार लिटरची आहे का, पंप आहे का आणि तो चालू करून दाखवतात का, ते बघा. बिऱ्हाडं किती, ते मालकाला नाही, खालच्या मजल्यावरच्या बाईला विचारा. आणि शक्य असेल तर घर ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये घ्या. जुलैतला नळ सगळीकडे वाहतो.

स्टीलची मोठी पिंपं मात्र पुण्याहून आणू नका, सामानाचं वजन फुकट जाईल. प्लास्टिकची इथे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. का मिळतात ते आता तुम्हाला कळलंच आहे.