कुणाला काय सांगावं, हे मुलांना शिकवताना

वेंगुर्ले तालुक्यातल्या एका वाडीतून चौथीतल्या मुलीला घेऊन तिची आई आमच्याकडे समुपदेशनासाठी आली होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) शाळेची रिक्षा यायची वेळ झाली की मुलीच्या पोटात दुखायला लागायचं, रविवारी मात्र काही नाही. कारण आईला ठाऊक होतं. मुलीकडून अजूनही अधूनमधून रात्री अंथरूण ओलं होतं. हे तिने जिवलग मैत्रिणीला सांगितलं आणि दोन दिवसांत सगळ्या रिक्षाभर झालं. "मी तिला बजावलंय, यापुढे कुणाला काही सांगायचं नाही," आई म्हणाली. "पण मॅडम, आता ती कुणाशी बोलतच नाही. हिने परत माणसांवर विश्वास ठेवायचा कसा?"

अंथरुणाचं आधी सांगायला हवं, कारण लाज तिथेच आहे. पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी साधारण पंधरा आणि दहा वर्षांच्या शंभरांपैकी साधारण पाच मुलांचं असं होतं. आळस किंवा हट्ट याच्याशी त्याचा काही संबंध नाही. बद्धकोष्ठता असली तर त्रास वाढतो. सहा महिने कोरडे गेल्यावर पुन्हा सुरू झालं असेल, लघवीला जळजळ होत असेल किंवा तहान फार लागत असेल, तर थेट बालरोगतज्ज्ञांकडे जावं. या मुलीलाही तपासून घ्यायला सांगितलं.

मग घरातल्या सगळ्यांचं बोलणं ऐकलं. पावसाळ्यात गोधडी खळ्यात वाळत नाही, म्हणून ती पडवीत दांडीवर पडायची आणि शेजारीण आली की आजी कारणासकट सांगून मोकळी व्हायची. आई मुलीसमोरच मावशीला फोनवर तेच सांगायची. दोघींच्या मनात वाईट काही नव्हतं. पण आपली खासगी गोष्ट मोठी माणसं सहज दुसऱ्याला सांगतात, हे मुलगी रोज बघत होती. मैत्रिणीने केलं ते याहून वेगळं नव्हतं. म्हणून पहिलं काम घरच्यांना दिलं: मुलीबद्दल कुणाशी काही बोलायचं तर आधी तिला विचारायचं आणि ती नको म्हणाली तर डॉक्टर सोडून कुणाजवळ ते काढायचं नाही. आजीला हे पटायला वेळ लागला. "घरातला भायर सांगूचा नाय" असं ती नातीला रोज सांगायची, पण नातीची गोष्टही त्या घरातलीच आहे, हे तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"कुणालाच काही सांगू नको" हा सल्ला आई मायेने देते, पण त्यात धोका आहे. मूल तो शब्दशः पाळतं आणि मग जे सांगायलाच हवं तेही पोटात ठेवतं. म्हणून गप्प बसायला शिकवण्याआधी निवडायला शिकवावं.

त्यासाठी चिठ्ठ्या आणि तीन डबे पुरतात. डब्यांवर लिहायचं: गंमत, खासगी, ओझं. गंमत म्हणजे जी ठरलेल्या दिवशी सगळ्यांना कळणारच असते, जशी गणपतीला येणाऱ्या काकांनी आजीसाठी घेतलेली साडी. खासगी गोष्ट ज्याची त्याची असते. ती सांगायची की नाही हे त्यानेच ठरवायचं. जी गोष्ट लपवताना भीती वाटते, पोटात गोळा येतो, कुणाला इजा होऊ शकते, किंवा जिच्याबद्दल "आईला सांगितलंस तर बघ" असं कुणी म्हटलेलं असतं, ती ओझ्याच्या डब्यात जाते. अंगाला नको तिथे हात लावणं, लपवून दिलेला खाऊ किंवा पैसे, मोबाईलवर दाखवलेलं काही, हे कायम याच डब्यात. दहाबारा चिठ्ठ्या आपण लिहायच्या आणि चारपाच कोऱ्या ठेवायच्या.

हे बहुतेक घरांत एकाच जागी फसतं. आईबाबा शेजारी बसून विचारतात, "तुझ्या ओझ्याच्या डब्यात काय आहे, सांग बघू." मूल तिथेच मिटतं. कोऱ्या चिठ्ठ्या देऊन उठून जावं. आणि ऐकण्याआधी "मी कुणाला सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नये. आम्हीही देत नाही. मुलांना पहिल्याच भेटीत सांगतो: तू बोलशील ते माझ्याजवळ राहील, तुला किंवा दुसऱ्या कुणाला धोका असेल तरच मोठ्यांना सांगेन, आणि तेही आधी तुला सांगून.

मुलीने एक कोरी चिठ्ठी भरली. मैत्रिणीचा सातवीतला भाऊ दोघींना भरतीच्या वेळी खाडीत नांगरलेल्या होडीवर चढवायचा आणि "घरी सांगितलंत तर परत नेणार नाही" म्हणायचा. दोघींनाही पोहता येत नव्हतं. ही चिठ्ठी तिने आधी खासगीच्या डब्यात टाकली, थोडा वेळ बघत बसली आणि मग स्वतःच उचलून ओझ्याच्या डब्यात ठेवली. आईला ते तिनेच सांगायचं ठरलं. आईची तयारी आधी करून घेतली: पहिलं वाक्य "बरं झालं सांगितलंस", त्या दिवशी ओरडा नाही, आणि होडीचं सांगायला त्या मुलाच्या घरी जाताना आवाज चढवायचा नाही. पहिल्यांदा सांगितल्यावर मार बसला, तर मूल दुसऱ्यांदा सांगत नाही.

आता मैत्रीण. नऊ वर्षांच्या मुलीला गुपित ठेवता येतं, पण रिक्षात सगळ्या घोळक्याचं लक्ष आपल्याकडे वळणार असेल तर ते निसटतं. बहुतेकदा त्यात दुष्टपणा नसतो, त्या घोळक्यात आपल्यालाही जागा हवी असते. गुपित फोडल्याबद्दल आईने त्या घरी जाऊन जाब विचारला तर छोट्या वाडीत ते दोन घरांचं भांडण होतं आणि मुली बाजूला राहतात. म्हणून मुलीकडून तीन वाक्यं घोकून घेतली: "ते माझं होतं. तू सांगितलंस तेव्हा मला लाज वाटली. परत सांगू नकोस." हे एकटीला गाठून बोलायचं, रिक्षात नाही. सरावात मैत्रिणीची भूमिका आम्ही केली: एकदा माफी मागितली, एकदा "मी नाही सांगितलं" म्हटलं, एकदा हसलो. हसण्याचा सराव सर्वांत जास्त वेळा करावा लागतो, कारण मूल तिथेच रडतं. तेव्हा "मला एवढंच सांगायचं होतं" म्हणून निघून यायचं.

पुढचा विश्वास थोडाथोडा टाकायचा. आधी अशी गोष्ट सांगायची जी फुटली तरी बिघडत नाही, उदाहरणार्थ चित्रकला स्पर्धेत नाव दिलंय. आठवडाभर बघायचं. मग थोडी मोठी. आणि एक खूण मुलांना लगेच कळते: जी मैत्रीण दुसऱ्यांची गुपितं आपल्याला सांगते, ती आपलीही सांगणार. खोटी गोष्ट पेरून मैत्रिणीला पकडायचा खेळ मात्र नको. तो उघडा पडला की विश्वास मोडणारी आपलीच मुलगी ठरते.

मोठ्यांपैकी पाच माणसं मुलीने स्वतः बोटांवर मोजली: आई, बाबा, आजी, वर्गाच्या बाई, मुंबईची आत्या. एकाने ऐकलं नाही तर दुसऱ्या बोटाकडे जायचं. घरचंच माणूस त्रास देत असेल तरी यादीत घराबाहेरचं कुणीतरी हवं, म्हणून बाई. १०९८ हा मुलांसाठीचा मोफत मदत क्रमांक तिला पाठ करून दिला; त्यावर दिवसरात्र फोन करता येतो. लैंगिक त्रासाबद्दल मुलाने काही सांगितलं, तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणं मोठ्यांवर बंधनकारक आहे. घरात मिटवण्याची ती बाब नाही.

पोटदुखी हळूहळू थांबली. मैत्रिणीने आधी नाकारलं, काही दिवसांनी स्वतःहून येऊन माफी मागितली. दोघी पुन्हा एका बाकावर बसतात, पण खासगी डब्यातलं मुलगी तिला अजून सांगत नाही. आईला त्याचीही काळजी वाटते. तिला सांगितलं की घाई करू नका. डबा वाटून खाण्याइतकी मैत्री आणि मनातलं सांगण्याइतकी मैत्री या वेगळ्या असू शकतात, आणि कुणाशी कोणती करायची हे आता तुमची मुलगी स्वतः ठरवते आहे.